तसबिरीतली सावली कोणाची?



सावली या शब्दाला आपल्या मराठीत दोन तोंडे आहेत. घरातले वडीलधारे माणूस गेले की आपण म्हणतो, डोक्यावरची सावली गेली. उन्हातून चालत आलेल्याला झाडाची सावली म्हणजे सुख. तोरामध्ये मिश्कानाचे काम ज्या कारागिराकडे सोपवले त्याचे नाव बसलेल, आणि त्या नावाचा अर्थच मुळी ‘देवाच्या सावलीत’ असा आहे. पण हीच सावली पेशवाईतल्या पुण्यात काय करीत होती, तेही आपण वाचलेले आहे. सकाळी आणि तिसऱ्या प्रहरानंतर सावल्या लांब पडतात, म्हणून त्या वेळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना शहरात शिरण्याची बंदी होती, असे सांगतात. एकाची सावली म्हणजे आसरा आणि दुसऱ्याची म्हणजे विटाळ. सूर्य तोच, जमीन तीच. फरक फक्त सावली कोणाची याचा.

अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या तसबिरी पाहताना मला हे सारखे आठवते. पुष्कळांना या तसबिरी कंटाळवाण्या वाटतात, आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही. काळा कोट, पांढरी कॉलर, मागे तपकिरी अंधार आणि त्यातून पुढे आलेला एक गंभीर चेहरा. अशा ओळीने वीस तसबिरी पाहिल्या की एकविसावी डोळ्यांत शिरत नाही. पण एक प्रश्न बरोबर घेऊन गेले तर त्याच भिंतींपुढे तास कमी पडतो. प्रश्न साधा आहे. या चित्रातला उजेड कोणाच्या सांगण्यावरून पडला आहे?

कारण तो उजेड आपोआप पडलेला नसतो. चितारी गिऱ्हाइकाला खिडकीजवळ बसवी, खिडकीचा खालचा भाग झाकून टाकी, म्हणजे उजेड वरून आणि एकाच बाजूने येई. मग कपाळ, नाक आणि एक गाल उजळे, दुसरा गाल सावलीत जाई. गंमत अशी की माणूस जिवंत दिसतो तो या सावलीमुळे. सावली नसली तर चेहरा पत्त्यातल्या राजाराणीसारखा सपाट राहतो. उजेडाकडून अंधाराकडे रंग हळूहळू उतरवीत नेणे हे सावकाशीचे काम. त्याला बैठका लागत, कसब लागे, आणि अर्थात पैसा लागे.

किती पैसा, याचा एक फार बोलका पुरावा आहे. विल्यम मॅथ्यू प्रायर (१८०६-१८७३) नावाचा एक चितारी मेन राज्यात गावोगाव फिरून तसबिरी काढीत असे. १८३१ मध्ये त्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिचा मतलब असा की, ज्यांना सपाट चित्र चालेल त्यांना छायेवाचून काढलेली तसबीर पाव किमतीत मिळेल. पाव किमतीत! म्हणजे रुपयातले बारा आणे सावलीचे. पुढे बॉस्टनला गेल्यावर तासाभराच्या बैठकीत काढलेली अशी सपाट तसबीर तो चौकट आणि काच धरून २ डॉलर ९२ सेंटला देत असे. ज्याच्या गाठी पैसा त्याच्या गालावर सावली, बाकीच्यांनी सपाट उजेडावर समाधान मानायचे. पुण्याच्या हिशेबाच्या हा अगदी उलटा हिशेब. पण दोन्हींकडे सावली मोजूनच दिली जात होती, हे ध्यानात घ्यावे.

याच प्रायरने १८४३ मध्ये बॉस्टनमध्ये विल्यम लॉसन आणि नॅन्सी लॉसन या नवराबायकोच्या जोडतसबिरी काढल्या. त्या आज व्हरमाँटच्या शेलबर्न संग्रहालयात आहेत. लॉसन हे कपड्यांचे व्यापारी, आणि दोघेही कृष्णवर्णीय. त्या वेळी दक्षिणेकडे गुलामगिरी जोरात चालू होती. नॅन्सीबाईंच्या हातात पुस्तक आहे, आणि वाचता वाचता कोणी हाक मारावी तसे त्यांनी पानांत बोट घालून ठेवले आहे. विल्यम यांच्या हातात सिगार आहे. मोठ्या चिताऱ्यांची सफाई या चित्रांत नाही. पण दोघेही असे बसले आहेत की, आम्ही बसलो, आता काढा, असे त्यांनीच चिताऱ्याला सांगितले असावे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

आता याच्या चाळीस वर्षे आधीची फिलाडेल्फियातली हकीकत. चार्ल्स विल्सन पील हा त्या काळचा नामांकित चितारी. वॉशिंग्टनपासून पुष्कळ मोठ्या माणसांच्या तसबिरी त्याने काढल्या आणि स्वतःचे संग्रहालयही चालवले. मुलांची नावे त्याने मोठ्या चिताऱ्यांवरून ठेवली: राफाएल, रेम्ब्रांट, टिशन, रुबेन्स. (मुलाचे नाव रेम्ब्रांट ठेवल्यावर त्याने कारकुनी कशी करावी?) त्याच घरात मोझेस विल्यम्स नावाचा एक मुलगा वाढत होता. तो पीलचा गुलाम. घरच्या मुलांना तेलरंग आणि कुंचले हाती मिळाले. मोझेसला मिळाली सावली, आणि तीही अगदी शब्दशः.

१८०२ च्या सुमारास पीलने संग्रहालयात एक यंत्र बसवले. माणसाने बाजूला तोंड करून बसायचे, आणि यंत्राच्या दांडीने कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांची रेघ लहान करून कागदावर उमटायची. कागदाची घडी घातलेली असे, म्हणजे एका कातरणीत चार प्रती निघत. कातरलेला पांढरा कागद काळ्या कापडावर ठेवला की झाली छायाकृती. हे कातरण्याचे काम मोझेसकडे आले, आणि त्याचा हात असा बसला की एका वर्षात त्याने आठ हजारांहून अधिक छायाकृती कातरल्या. दर आठ सेंट. याच सुमारास पीलने त्याला मुक्त केले होते. कमाईतून त्याने घर घेतले आणि लग्नही केले.

या छायाकृतीत सगळेच काळे दिसतात, न्यायाधीशही आणि नावाडीही. सपाट, डोळे नसलेले, फक्त कडेची रेघ. फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीत एक अशीच छायाकृती जपून ठेवलेली आहे. ती खुद्द मोझेसची आहे हे चेहऱ्यावरून कोणाला कळले नसते, खाली नाव लिहिले आहे म्हणून कळते. आठ हजार लोकांचे चेहरे ज्याने वर्षभरात कातरले, त्याला रंग हाती दिले असते तर काय झाले असते, असे एक शिक्षिका म्हणून माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. वर्गात कोणाच्या पाटीवर पेन्सिल द्यायची आणि कोणाला पाणी आणायला पाठवायचे, हे जिथे आधीच ठरलेले असते तिथे हुशारी मोजता येत नाही.

पण पीलला एकाच खात्यात टाकून मोकळे होता येत नाही. १८१९ मध्ये, सत्तरी उलटून गेल्यावर, त्याने वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनमध्ये यॅरो मामूत नावाच्या एका वृद्ध मुसलमान माणसाची तसबीर काढली. यॅरोला १७५२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणले होते. १७९६ मध्ये तो मुक्त झाला, पुढे त्याने स्वतःचे घर घेतले आणि बँकेचे शेअरही घेतले. पील त्या दिवसांत वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष मन्रो आणि इतर बड्या लोकांच्या तसबिरी काढायला आला होता. या म्हाताऱ्याची ख्याती ऐकून तो आपणहून त्याच्याकडे गेला. तसबीर आज फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. डोक्याला विणलेली टोपी, अंगात जाड कोट, आणि डोळ्यांच्या कडांना हसण्याच्या सुरकुत्या. सेनेटरच्या कपाळावर जसा उजेड पडतो तसाच या कपाळावर पडला आहे. सावलीही पुरेपूर दिली आहे, आणि तिचे पैसे कोणी मागितले नाहीत.

सावलीचा व्यापार स्वतःच्या हातात घेणारीही एक बाई होऊन गेली. सोजर्नर ट्रूथ ही न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मली आणि १८२६ मध्ये तिथून निघून गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १८६४ च्या सुमारास ती व्याख्यानांच्या वेळी स्वतःचे लहान फोटो विकत असे. फोटोच्या खाली छापलेले असे की, मूळ देह पोसण्यासाठी मी सावली विकते. त्या काळी इंग्रजीत फोटोला सावली म्हणत. आपण छायाचित्र म्हणतो, तेव्हा तिचा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. त्या फोटोचे हक्क तिने स्वतःच्या नावावर नोंदवले होते. जिचा देहच एकेकाळी दुसऱ्याच्या मालकीचा होता, तिने आपल्या सावलीची मालकी सरकारदरबारी लिहून घेतली! फ्रेडरिक डग्लस या मोठ्या पुढाऱ्याचेही मत असे होते की, गोऱ्या चिताऱ्यांच्या हातून आमच्या चेहऱ्यांना न्याय मिळत नाही. ते स्वतः फोटोला जन्मभर बसत राहिले. त्यांचे सुमारे १६० फोटो सापडलेले आहेत.

हे झाले स्वतःहून बसलेल्यांचे. ज्यांना कोणी विचारलेच नाही त्यांचे काय? मोठ्या घराण्यांच्या चित्रांत नोकर काढण्याची जुनी रीत होती. एडवर्ड सॅव्हेजने १७९६ मध्ये पुरे केलेले वॉशिंग्टन कुटुंबाचे मोठे चित्र राजधानीच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात कुटुंब टेबलाभोवती उजेडात बसले आहे आणि उजव्या कडेला वर्दी घातलेला एक कृष्णवर्णीय सेवक अंधारात उभा आहे. तो नक्की कोण यावर अजून वाद चालतो. चित्राला त्याची गरज होती ती झुंबर किंवा पडदा यांची असते तशी, घर किती मोठे ते कळावे म्हणून.

आता ज्या चित्रासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२३ मध्ये ते विकत घेतले. १८३७ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये काढलेले हे तैलचित्र जाक आमाँ या फ्रान्सहून आलेल्या चिताऱ्याचे मानले जाते. फ्रेडरिक फ्रे नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने आपल्या तीन मुलांची तसबीर काढवून घेतली: दोन मुली आणि एक मुलगा. मागे झाडाला टेकून, हाताची घडी घालून, पंधरा वर्षांचा एक मुलगा उभा आहे. त्याचे नाव बेलिझेर. १८२८ मध्ये सहा वर्षांचा असताना त्याला, त्याची आई सॅली हिच्यासह, फ्रे कुटुंबाने विकत घेतले होते.

तो कडेला अंधारात ढकललेला नाही. तीन मुलांपेक्षा त्याचे डोके उंच आहे, आणि चेहरा इतक्या बारकाईने रंगवला आहे की हा मुलगा रस्त्यात भेटला तर ओळखू यावा. प्रायरच्या भाषेत बोलायचे तर पूर्ण किमतीची सावली. त्याच वर्षी दोन्ही मुली वारल्या, आणि मुलगाही मोठा व्हायच्या आत गेला. चौघांपैकी वाढून माणूस झाला तो एकटा बेलिझेर. पुढे फ्रे वारले आणि १८५६ मध्ये त्यांच्या पत्नीने बेलिझेरला एव्हरग्रीन नावाच्या उसाच्या मळ्याला विकून टाकले. कागदपत्रांत त्याचा माग १८६१ पर्यंत लागतो.

चित्र घराण्यात राहिले. १९०० च्या सुमारास कोणीतरी कुंचला घेतला आणि बेलिझेरला पुसून टाकले. त्याच्यावर झाडाचा आणि आकाशाचा रंग चढवला. तो काळ ध्यानात घ्या. याच लुइझियाना राज्याने १८९० मध्ये आगगाडीत काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळे डबे करण्याचा कायदा केला होता, आणि १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केले होते. डब्यात शेजारी बसणे चालत नव्हते, तिथे दिवाणखान्याच्या भिंतीवर शेजारी उभे राहणे कसे चालावे?

पण तैलरंग जुना होऊ लागला की पारदर्शक होतो, आणि खालचे वर दिसू लागते. तीन मुलांच्या मागे एक अस्पष्ट आकृती दिसू लागली. १९७२ मध्ये घराण्याच्या वंशजांनी चित्र न्यू ऑर्लिन्सच्या कलासंग्रहालयाला दिले. तिथे ती आकृती लक्षात आलेली होती, तरी चित्र तीस वर्षांहून अधिक काळ कोठारात पडून राहिले आणि २००५ मध्ये लिलावात गेले. नंतरच्या मालकाने वरचा रंग जाणकाराकडून उतरवून घेतला, आणि मुलगा बाहेर आला. पुढे बॅटन रूजच्या जेरेमी सिमियन या संग्राहकाने ते चित्र शोधून घेतले, आणि केटी मोर्लास शॅनन या संशोधिकेने जुने दस्तऐवज धुंडाळून त्या मुलाचे नाव काढले. आज चित्राच्या नावात पहिले नाव त्याचे आहे, फ्रे यांच्या मुलांचे त्यानंतर.

आता माझा प्रश्न. मोठा अपराध कोणाचा: ज्याने त्याला पुसले त्याचा, की ज्यांनी त्याला आधी तिथे उभे केले त्यांचा?

पहिल्या झटक्यात आपण पुसणाऱ्याचे नाव घेतो, आणि निम्मे बरोबर असतो. पण चित्रात त्याला इतक्या मायेने रंगवले होते, असे म्हणून फ्रे मंडळींचे कौतुक करू लागलो तर घसरलो. ज्या घराने त्याचा चेहरा भिंतीवर लावला त्याच घराने तो चेहरा बाजारात विकला. उजेड दिला, पण मोकळीक दिली नाही. माणसाला नीट पाहणे आणि माणूस म्हणून वागवणे या दोन गोष्टी एकाच घरात वर्षानुवर्षे वेगवेगळ्या राहू शकतात, हे या चित्राइतके उघड मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

म्हणून मला वाटते, तसबिरीत मान कोणाला मिळाला हे उजेडावरून ठरवू नये. लॉसन नवराबायकोची चित्रे बेलिझेरच्या चित्रापुढे कलेने उणी आहेत. तरी मान त्यांच्याकडे आहे, कारण ‘आमची तसबीर काढा’ हे त्यांना म्हणता येत होते, आणि ‘नको’ हेही म्हणता आले असते. यॅरोने एक पैसा दिला नाही, पण तो आपल्या खुशीने बसला. सोजर्नर ट्रूथच्या हातात तर पुढचा सगळा व्यवहार होता. बेलिझेरला ‘झाडाला टेकून उभा राहा’ असे सांगितले, तो उभा राहिला. त्याने हाताची घडी का घातली आहे, यावर तज्ज्ञ लिहितील. मला त्या घडीकडे पाहिले की मागच्या बाकावरचा, उत्तर येत असून हात वर न करणारा मुलगा आठवतो. एवढे बोलून त्याच्या मनात शिरण्याचा मोह आवरते.

एका विद्वान स्नेह्यांशी बोलताना त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. ते म्हणाले, गुलाम म्हणून दिसण्यापेक्षा न दिसणे बरे, पुसल्याने त्याची एका अपमानातून सुटकाच झाली. युक्तिवाद चतुर आहे, पण मला पटत नाही. पुसणाऱ्याने बेलिझेरची लाज राखली नाही, घराण्याची राखली. अपमान झाला हे दाखवणारा साक्षीदारच नाहीसा केला, आणि उरलेली तीन मुले मोकळ्या आकाशाखाली निर्धास्त उभी राहिली.

दुसरी शंका अधिक प्रामाणिक आहे. आता नाव लावून त्याचा काय फायदा? तो तर गेला. खरे आहे, त्याला काहीच मिळत नाही. पण मेलेल्याचे नाव घ्यावे की नाही हे आपण फायद्यावर कधी ठरवलेले नाही. आणि चित्राचेही एक देणे असते. जे चित्र दीडशे वर्षे आपल्याला एक घर दाखवीत आले, त्याने ते घर पुरे दाखवले पाहिजे. मग ते सुंदर वाटले तर वाटू द्यावे. मला तरी ते सुंदर वाटते, आणि त्याबद्दल चिताऱ्यावर राग धरण्याचे मला कारण दिसत नाही. त्याने समोर जे होते ते काढले. पुढच्यांनी खोडले.

हे सगळे अमेरिकेचे झाले म्हणून आपण निश्चिंत होण्याचे कारण नाही. मुंबईच्या जुन्या कुटुंबांत, आपल्याही, स्टुडिओत काढलेले मोठे फोटो असतात. वडील खुर्चीवर, आई शेजारी, मुले उतरत्या क्रमाने. आणि एका कडेला, धाकट्याला कडेवर घेऊन, निम्मी चौकटीबाहेर गेलेली आया. फोटोच्या मागे सगळ्यांची नावे सुवाच्य अक्षरात लिहिलेली असतात. तिच्या जागी ‘आया’ असते, किंवा तेही नसते. ज्यांच्याकडे असे फोटो असतील त्यांनी, सांगणारी म्हातारी माणसे आहेत तोवर, तिचे नाव विचारून घ्यावे आणि मागे लिहून ठेवावे. पेन्सिलीने, हलक्या हाताने. शाईने लिहू नये, ती कागदातून पुढच्या बाजूला उतरते.